वाकळेतला सुटलेला टाका

संशोधनाच्या तयारीला लागलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, प्रयोग नीट चालेनासा झाला की आधी काय बघायचं?" आजवर मी याचं उत्तर आमच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरून देत आले. भौतिकशास्त्राबाहेरच्या मुलांच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उमटत नाही, हेही बघत आले. म्हणून आज उदाहरण घरातलं घेते : आजीचं पायमशीन.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडपासून जवळ. आजी गेल्या वर्षी गेली आणि तिची सहा लुगडी मागे राहिली. आपल्या सातारा-सांगलीकडे धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं कुणी टाकत नाही, त्याची वाकळ होते. बाकी महाराष्ट्र तिला गोधडी म्हणतो, सीमेपलीकडे कर्नाटकात तीच कौदी, बंगालमध्ये कांथा. आईच्या मनात दोन वाकळा होत्या : एक आमच्या घरी राहील, एक सांगलीला आत्याकडे जाईल. दोन्ही वर्षश्राद्धाच्या आधी व्हायला हव्यात. हाताने धावदोरा घालत बसलं तर महिने जातात आणि आईचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. म्हणून आजीचंच मशीन झाकण काढून बाहेर आणलं.

मशीन चालत होतं, पण टाके सोडत होतं. दहा-बारा टाके सरळ जायचे आणि मग एक टाका गायब, त्या जागी वर लांबट दोरा नुसता पडलेला. उसवून परत टीप मारावी तर जुनं सुती कापड. प्रत्येक उसवणीला सुईची भोकं मोठी होतात, दोन-तीनदा उसवलं की कापड तिथे विरतं. लुगडी सहाच. सातवं लुगडं कुठून आणणार? हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तुमच्या संशोधनातही कधी कधी नमुना एवढाच असतो, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाने तो थोडा कमी होतो.

आता मी पहिल्या दिवशी काय केलं ते सांगते, कारण ते चुकीचं होतं. सुई बदलून बघितली : जुनी १४ नंबरची काढून नवी १६ नंबरची घातली. टाके तरीही सुटत होते. थोडे कमी सुटत होते असं आता वाटतं, पण तेव्हा मोजले नव्हते. "म्हणजे सुईचा दोष नाही" असं ठरवून मी जुनी सुई परत लावली. मग वरच्या दोऱ्याचा ताण घट्ट केला. मग सैल केला. मग डबीवरचा बारीक स्क्रू फिरवला, मग कापडावर पाय दाबणारा वरचा स्क्रू. अर्ध्या तासात चार गोष्टी हलवल्या. मध्येच दहा मिनिटं मशीन झकास चाललं, आणि परत पहिल्यासारखं. आई दारात उभी राहून बघत होती. "नुसतं फिरवतीयास कशाला? आधी बघ की," म्हणाली. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. मी सगळे स्क्रू हलवले होते, पण आधी ते कुठे होते याची नोंद कुठेच नव्हती. (स्क्रू फिरवण्याआधी त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा. दहा रुपयांचं काम आहे.)

बघायचं म्हणजे काय, तर आधी टाका पडतो कसा हे समजून घ्यायचं. हा भाग जरा सावकाश वाचा.

हाताने शिवताना सुई कापडातून पूर्ण आरपार जाते आणि सगळा दोरा मागून ओढून नेते. मशीनची सुई आरपार जात नाही, नुसती बुडी मारून वर येते. तिचं नेढं मागच्या टोकाला नसतं, टोकदार बाजूलाच असतं. अमेरिकेत १८४६ साली एलायस हाउ याला जे पेटंट मिळालं, त्यातली टोकाशी नेढं असलेली सुई आणि खाली दुसरा दोरा घेऊन फिरणारं शटल ही जोडी आजही चालते. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ सालचं. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने 'उषा' बनवायला सुरुवात केली. नावं बदलली, नक्षी बदलली, पण टाक्याची युक्ती तीच राहिली.

आता मशीनची एक सुई काढून उजेडात धरा. एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच दिसेल. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या जरा वर छोटा खोलगट भाग असतो. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई खाली जाते तेव्हा त्या बाजूचा दोरा खाचेत लपलेला असतो, कापडाला घासत नाही. दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याला मात्र लपायला जागा नाही, तो सुई आणि कापड यांच्यात चिमटला जातो. सुई तळ गाठून परत वर यायला लागते. खाचेतला दोरा तिच्याबरोबर सहज वर सरकतो, चिमटलेल्या दोऱ्याला वर जाता येत नाही. मग तो जातो कुठे? बाजूला फुगतो. सुई तळापासून दोन-अडीच मिलिमीटर वर येते तोवर त्या खोलगट भागाजवळ दोऱ्याचा छोटा फास तयार झालेला असतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक तिथे येतं, फासात शिरतं, त्याला डबीभोवती फिरवून आणतं, आणि खालचा दोरा वरच्यात अडकतो. झाला एक टाका.

हे स्वतः बघायचं असेल तर सुईखालची सरकती पट्टी बाजूला करा, पायडल सोडून द्या आणि चाक हाताने, आपल्या बाजूला, हळूहळू फिरवा. मी त्या रात्री तासभर हेच करत बसले. संशोधनपत्रातली आकृती आपण कितीदा बघतो, पण फास फुगताना डोळ्यांनी दिसला तेव्हाच तो मला खरा समजला.

एकदा हे कळलं की "टाका का सुटतो" याचं उत्तर एका वाक्यात येतं : शटलचं टोक फासात शिरलं नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक तर फास नीट फुगला नाही, किंवा टोक चुकीच्या जागी वा चुकीच्या वेळी आलं. आता संशयितांची यादी आपोआप तयार होते, कुणाच्या सांगण्यावरून करावी लागत नाही. सुई बोथट किंवा किंचित वाकलेली. सुई वरपर्यंत न सारलेली, त्यामुळे नेढं खाली. सुईची बाजू उलटी. दोरा सुईच्या मानाने जाड, त्यामुळे खाचेत न मावणारा. शटलच्या वाटेत कापडाचा कीस आणि गोंदासारखं घट्ट झालेलं जुनं तेल. शटलचं टोक झिजलेलं. आणि सगळ्यात शेवटी, सुईचा दांडा घसरून सगळं वेळापत्रकच चुकलेलं. शेवटच्या दोन गोष्टी माहितगार माणसाशिवाय हलवू नयेत.

वाकळेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी येतात, ज्या ब्लाऊज शिवताना येत नाहीत. एक म्हणजे कापड उचललं जाणं. वाकळ मऊ, फुगीर, अनेक पदरी. सुई वर निघाली की तिला चिकटून कापडही थोडं वर येतं, विशेषतः पायाचा दाब कमी असेल तर. कापडच सुईबरोबर वर आलं तर दोरा चिमटून मागे राहणार कसा? फास फुगतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सुईचं वाकणं. शटलचं टोक आणि सुई यांच्यात कागदाच्या जाडीएवढीच जागा असते. जाड थरांतून जाताना, किंवा कापड मागून-पुढून ओढलं जाताना सुई केसभर वाकली तरी टोक फासाच्या बाजूने निघून जातं.

दोऱ्याचा ताण या यादीत जवळजवळ नाहीच, हे लक्षात आलं का? ताण चुकला तर कापडाच्या खाली दोऱ्याच्या गाठी-लड्या दिसतात किंवा टीप आकसते, पण टाका पडलेला असतो. मी अर्धा तास ज्या स्क्रूशी झटापट केली त्याचा या दोषाशी फारसा संबंध नव्हता. तो हाताशी होता आणि फिरवायला सोपा होता, म्हणून फिरवला. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो. ज्या बटणापर्यंत हात पोचतो, त्याच्यावर आळ.

दरम्यान मला सांगलीला जायचंच होतं, आत्याकडे ठेवलेलं आजीचं एक धोतराचं पान वाकळेत आतल्या थराला हवं होतं. आत्याच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. इस्लामपूर-आष्टामार्गे जाणाऱ्या एसटीत मशीन काही नेता येत नाही. मी लुगड्याच्या फाटक्या टोकाची एक शिवलेली पट्टी नेली आणि फोनमध्ये वाकळेच्या मागच्या बाजूचे फोटो. मी बोलायला सुरुवात केली, सुई अशी, ताण असा. त्यांनी हात वर करून थांबवलं. "पोरी, काय काय केलंस ते ऱ्हाऊ दे. टाका सुटतोय कुठं, तेवढं सांग."

कुठे? मला सांगता येईना. शंभरातले किती, हेही मोजलं नव्हतं, कुठे तर बघितलंच नव्हतं.

त्यांनी पट्टी उजेडाला धरली आणि प्रत्येक सुटलेल्या टाक्यावर खडूने टिंब केलं. सगळी टिंबं लुगड्याचा काठ जिथे दुमडून आला होता तिथे, म्हणजे जाड भागात. मग फोटो बघितले. तिथे काठाजवळ टिंबं होतीच, शिवाय प्रत्येक टिपेच्या शेवटच्या भागात दाटी होती. "बघ, पट्टीवर हे शेवटचं न्हाई," म्हणाले. "वाकळ मागं लोंबत असंल. ओढतीया सुईला." पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

येताना एसटीत मी याचाच विचार करत होते. दोष सगळीकडे सारखा विखुरलेला असेल तर एक कारण, ठरावीक अंतराने येत असेल तर दुसरं, जागा पकडून येत असेल तर तिसरं. सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं. दुसरं म्हणजे माझी चाचणीची पट्टी खऱ्या वाकळेसारखी नव्हतीच. कापड तेच, थर तेवढेच, दोरा त्याच रिळाचा, पण वजन नव्हतं. पट्टी लोंबत नाही. तिच्यावर कितीही प्रयोग केले असते तरी निम्मं कारण कधीच सापडलं नसतं.

म्हणून घरी आल्यावर आधी शटल काढून कीस साफ केला, तेल दिलं, पायाचा दाब मिस्त्रींनी सांगितला तेवढा बसवला आणि मग त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. पट्टीच्या मागच्या टोकाला जुनी सतरंजी टाचली आणि ती मशीनच्या मागे लोंबू दिली. दोष परत आला! आपला दोष आपल्याला हवा तेव्हा परत आणता आला, याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

आता प्रश्न दोन : सुई आणि ओढ. सुईत एक चकवा होता. पहिल्या दिवशी मी जुनी १४ काढून नवी १६ लावली होती, म्हणजे एका फटक्यात वय आणि जाडी दोन्ही बदलले. म्हणून आधी जुनी १४ आणि नवी १४ यांची तुलना केली. शंभर टाक्यांत ९ आणि ७ सुटले. एवढ्या फरकावरून काहीच म्हणता येत नाही. त्यापुढे नवीच सुई वापरली आणि चार जोड्या केल्या : १४ नंबर लोंबत्या सतरंजीसह, १६ नंबर लोंबत्या सतरंजीसह, १४ नंबर मागे आधाराला स्टूल ठेवून, १६ नंबर स्टूल ठेवून. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. पायडल आईने मारलं. मी पट्ट्या नंतर मोजल्या, कुठली कशाची ते न बघता. पहिल्या शंभरात फरक दिसला पण तो योगायोगानेही पडू शकला असता, म्हणून प्रत्येक जोडीचे तीनशे टाके केले. सुटलेले टाके अनुक्रमे २२, १०, ११ आणि ०.

हे चार आकडे नीट बघा. नुसती सुई बदलली तर २२ चे १० होतात, पण दोष जात नाही. नुसता आधार दिला तर ११, तरीही जात नाही. पहिल्या दिवशी मी नेमकी इथेच फसले होते. सुई बदलली, दोष पूर्ण गेला नाही, म्हणून सुईला निर्दोष ठरवून जुनी परत लावली. दोन कारणं असतील तर एकेकटं काढून बघताना दोन्ही वेळा दोष शिल्लक राहतो, आणि आपण दोन्ही वेळा खरं कारण हातातून सोडून देतो. "एका वेळी एकच गोष्ट बदला" हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. पण बदललेली गोष्ट लगेच पूर्ववत करायची की तशीच ठेवून पुढची बदलायची, हे फारसं कुणी सांगत नाही. थोडा जरी फरक पडला असेल तर मी आता ती तशीच ठेवते. आणि फरक पडला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

सुईच्या जाडीने एवढा फरक का पडावा, हे मला आधी पटेना. १४ नंबरची सुई म्हणजे ०.९ मिलिमीटर, १६ म्हणजे १ मिलिमीटर. फरक फक्त ०.१. पण गोल दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १ भागिले ०.९, त्याचा चौथा घात म्हणजे सुमारे दीड. जाडी जेमतेम अकरा टक्क्यांनी वाढली आणि ताठरपणा दीडपट झाला! खाचेमुळे सुई पूर्ण गोल नसते, त्यामुळे हा अंदाजच, पण दिशा बरोबर आहे. बीएस्सीला हे सूत्र मी पाठ करून लिहिलं होतं. त्याचा उपयोग वाकळ शिवताना होईल असं वाटलं नव्हतं.

आता त्या शून्याबद्दल. तीनशेत एकही टाका सुटला नाही म्हणजे दोष संपला का? नाही. यासाठी एक सोपा आडाखा आहे : n वेळा करून एकदाही बिघाड दिसला नाही, तर खरा दर ३ भागिले n पर्यंत असू शकतो, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. इथे ३ भागिले ३००, म्हणजे एक टक्का. आमची वाकळ सात फूट बाय पाच फूट. दर दीड इंचावर एक टीप धरली तर ४० टिपा, प्रत्येक ८४ इंचांची, इंचाला साधारण ८ टाके. सगळे मिळून जवळपास २७ हजार टाके. त्याचा एक टक्का २७०! म्हणजे माझं "शून्य" आणि प्रत्यक्ष वाकळेतले २७० सुटलेले टाके एकाच वेळी खरे असू शकतात. शिवाय हा आडाखा प्रत्येक टाका स्वतंत्र धरतो, आणि आमचे टाके तर काठाजवळ घोळक्याने सुटत होते. मार्गदर्शकांसमोर "शून्य आलं" असं सांगण्याआधी हा हिशोब करून बघा.

आणखी पट्ट्या शिवून खात्री वाढवता आली असती, पण फाटकं कापड संपलं होतं. आई म्हणाली, "आता वाकळच घे." आम्ही मधल्या सपाट भागापासून सुरुवात केली, मशीनच्या मागे स्टूल आणि त्याच्या मागे खाट लावली, आणि प्रत्येक टीप संपली की वाकळ उलटी करून बघितलं. सुटलेला टाका उसवायचा नाही, फक्त खडूने खूण करायची, असं ठरलं होतं.

पहिल्या वाकळेत ४१ खुणा झाल्या. त्यातल्या ३८ चारही कोपऱ्यांवर, जिथे दोन बाजूंचे काठ एकमेकांवर दुमडतात. तिथे १६ नंबरच्या सुईनेही भागलं नाही. १८ नंबरची लावून बघायचा माझा विचार होता. आईने ऐकलं नाही. तिने हातसुई घेतली, चष्मा वर सरकवला आणि चारही कोपरे धावदोऱ्याने स्वतः भरले. ती वाकळ आता सांगलीला आत्याच्या पलंगावर आहे. दुसरी अजून मशीनवर आहे, अकराव्या टिपेपर्यंत आली आहे.